दोन वर्षांचे नगरसेवक

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा आठवणी लिहायला निम्मा वर्ग टपलेला असणार हे मी ओळखलं. म्हणून मी इतिहास लिहायचं ठरवलं. इतिहास-नागरिकशास्त्राच्या पेपरात नागरिकशास्त्राचा भाग आपण सगळेच शेवटच्या रात्रीवर टाकायचो. त्या धड्यांचं मला पुढे दोनदा काम पडलं. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, दुसऱ्यांदा अमेरिकेत.

हॉस्टेलची गोष्ट २००० सालची. मुलींच्या हॉस्टेलला चार दिवस पाणी नव्हतं. आम्ही चौघीजणी त्या भागातल्या नगरसेवकांकडे गेलो. त्यांनी बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुमचं मतदान कुठलं?" आम्ही म्हटलं, आपापल्या गावचं. ते म्हणाले, "मग बेटा, तुम्ही दोन वर्षांनी जाणार. ज्यांच्या मतांवर मी इथं बसलोय, त्यांना आधी पाणी नको का द्यायला?" यात उद्धटपणा अजिबात नव्हता. त्यांच्या बाजूनं हिशोब बरोबरच होता, त्यामुळे तो जास्त लागला.

पुढे २०१४ मध्ये कंपनीनं मला मिशिगनला पाठवलं. डेट्रॉईटच्या परिसरात मोटारींच्या सॉफ्टवेअरची कामं भरपूर, आणि त्या कामांवर आपली मराठी माणसंही भरपूर. मी घर घेतलं ते ॲन आर्बर गावात. मिशिगन विद्यापीठाचं हे गाव. तिथल्या शहर ग्रंथालयानं जुनी स्थानिक वर्तमानपत्रं संगणकावर आणून ठेवली आहेत. हिवाळ्यात दुसरं करायचं काय, म्हणून मी ती वाचत बसायची. वाचता वाचता लक्षात आलं की माझ्या नगरसेवकांचा तो प्रश्न इथं तीस वर्षं आधीच कोर्टात जाऊन आला होता.

त्या काळी मिशिगनच्या कायद्यात अशी तरतूद होती की शिकायला एखाद्या गावात राहिल्यानं विद्यार्थी तिथला रहिवासी ठरत नाही. मतदार यादीत नाव घालायला गेलं की त्यांना इतरांपेक्षा जास्त प्रश्न विचारले जात. विद्यार्थ्यांनी दावा लावला आणि ऑगस्ट १९७१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद रद्द केली. त्याआधी काही आठवडेच, १ जुलैला, अमेरिकेच्या राज्यघटनेची सव्विसावी दुरुस्ती मंजूर होऊन मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं होतं. व्हिएतनामला लढायला अठराव्या वर्षी पाठवता, मग मत का नाही, हा तेव्हाचा सवाल होता. (आपल्याकडे एकसष्टावी दुरुस्ती १९८९ ची. आपण तेव्हा तिसरीत होतो.)

दोन्ही दारं एकाच उन्हाळ्यात उघडली. पुढच्याच निवडणुकीत, एप्रिल १९७२ मध्ये, विद्यार्थी चळवळीतून आलेले जेरी डिग्रीक आणि नॅन्सी वेक्सलर हे दोघं 'ह्युमन राइट्स पार्टी' या छोट्या पक्षातर्फे नगर परिषदेवर निवडून आले. डिग्रीक तेव्हा बावीस वर्षांचा होता. परिषद महापौर धरून अकरा जणांची. दोन मोठ्या पक्षांपैकी कोणालाच स्वतःच्या बळावर बहुमत उरलं नाही, आणि या दोन मतांना वजन आलं.

त्या वजनाचं त्यांनी काय केलं? गाजलेली गोष्ट म्हणजे गांजा जवळ बाळगल्यास फक्त पाच डॉलर दंड, पार्किंगच्या पावतीसारखा. त्यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आहेत आणि गावकऱ्यांचा संताप मला समजतो. १९७३ मध्ये परिषदेतलं बहुमत बदलताच तो नियम रद्दही झाला. मग १९७४ मध्ये लोकांनी थेट मतदानानं तो शहराच्या सनदेतच घातला. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९७२ च्याच जुलैमधला नियम. नोकरी, घर आणि सार्वजनिक जागा यांत समलिंगी माणसांशी भेदभाव करायला शहरानं बंदी केली. अमेरिकेत असा नियम करणाऱ्या अगदी पहिल्या शहरांपैकी हे एक. नियम झाला, पण तो अमलात येईना, तेव्हा १९७३ मध्ये डिग्रीक आणि वेक्सलर यांनी आपण स्वतः समलिंगी असल्याचं पदावर असताना जाहीर केलं. ते ज्या काळात आणि ज्या वयात केलं ते पाहता मला आजही धडधडतं.

१९७४ मध्ये वेक्सलरच्या जागेवर कॅथी कोझाचेंको उभी राहिली. वय एकवीस, विद्यापीठातली विद्यार्थिनी. आपण समलिंगी आहोत हे तिनं आधीच उघड सांगितलं होतं आणि तसं सांगून निवडून येणारी ती अमेरिकेतली पहिली उमेदवार ठरली, हार्वे मिल्कच्या तीन वर्षं आधी. फरक ५२ मतांचा. मजा म्हणजे प्रचारात तिचा भर होता घरभाड्यावर. घरमालकांच्या नफ्याला मर्यादा हवी, असं ती म्हणत होती. हॉस्टेल आणि भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या कोणालाही हे पटेल. गावाला मात्र पटलं नाही. त्याच वेळी भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव मतदानात पडला.

या पक्षानं आणखी एक गोष्ट गावाच्या गळी उतरवली, ती म्हणजे महापौरासाठी पसंतीक्रमाचं मतदान. १९७५ मध्ये पहिल्या मोजणीत रिपब्लिकन महापौर स्टीफन्सन पुढे होते, पण निम्म्यापेक्षा कमी. ह्युमन राइट्स पार्टीच्या उमेदवाराच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली आणि अल्बर्ट व्हीलर १२१ मतांनी निवडून आले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. पुढच्याच वर्षी मतदारांनी ही पद्धत काढून टाकली. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम बरोबर चालला, पण गिऱ्हाइकाला निकाल आवडला नाही.

मग हे सगळं ओसरलं. डिग्रीक, वेक्सलर, कोझाचेंको, तिघंही एकेकच मुदत राहिले. मुदत दोन वर्षांची. पोरं पास होतात, गाव सोडतात, आणि त्यांच्याबरोबर पक्षही संपतो. शिवाय वॉर्ड कसे आखलेत पाहा. शहराच्या सनदेनुसार ते केकच्या तुकड्यांसारखे, टोकं गावाच्या मध्याकडे. विद्यापीठही मध्यातच, म्हणून विद्यार्थी सगळ्या तुकड्यांच्या टोकांत वाटले जातात. आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर असलेल्या या गावात खरी लढत होते पक्षांतर्गत निवडणुकीत, ती ऑगस्टमध्ये. तेव्हा विद्यार्थी सुट्टीला घरी. मी तिथं होते त्या २०१५ च्या ऑगस्टमध्ये मात्र झॅकरी ॲकरमन या विद्यार्थ्यानं तिसऱ्या वॉर्डात जुन्या नगरसेवकाला हरवलं. मला मत नव्हतं. व्हिसावर राहणारी मी, कर भरणारी पण पुन्हा 'जाणारी'च.

जुन्या रहिवाशांची तक्रार मी वाचली आहे आणि ती पोकळ नाही. नियम करायचे यांनी आणि परिणाम भोगायचे आम्ही, असं ते म्हणत. पण हिशोबात एक चूक आहे. विद्यार्थी जातो, विद्यार्थ्यांची खोली रिकामी राहत नाही. आमच्या हॉस्टेलमध्ये आजही मुली आहेत आणि त्यांनाही पाणी लागतं. आपल्याकडे आता प्राचार्यांचा दाखला जोडून हॉस्टेलच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव घालता येतं, आणि महापालिकेला एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं. आम्ही चौघी तेव्हा हे शोधायलासुद्धा गेलो नाही. चहा पिऊन परत आलो आणि टँकरसाठी वर्गणी काढली.

हे लिहिताना नववीतलं आपलं शालेय मंत्रिमंडळ आठवलं. मी पाणीमंत्री होते. पिण्याच्या पाण्याची पिंपं रोज कोणत्या वर्गानं धुवायची याचं वेळापत्रक आपण केलं आणि वर्षभर त्यावरून भांडलो. माझा धाकटा भाऊ चार वर्षांनी नववीत गेला, तेव्हाही पिंपांच्या वर तेच वेळापत्रक होतं, म्हणे, फक्त वर्गांची नावं खोडून नवी लिहिलेली. ते मूळ कोणाच्या अक्षरात होतं हे कोणाला आठवत असेल तर मेळाव्यात सांगा. माझं नक्की नव्हतं. माझं अक्षर बघून बाईंनी खडूच काढून घेतला होता.