साव्याचा युसूफ आणि मुकुंदरावाची बहीण

तेलगावच्या चौकातून एक रस्ता माजलगावमार्गे गोदावरी ओलांडून पाथरीकडे जातो आणि दुसरा घाट चढून धारूरला. ऊसहंगामात या चौकात उभे राहिले की कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांपलीकडे काही दिसत नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहता हे दोन रस्ते दख्खनच्या दोन राजघराण्यांकडे जातात. पाथरी हे अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ गाव. त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण आणि त्याचे पूर्वज पाथरीचे, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. धारूरचा आजचा किल्ला बांधला तो मात्र विजापूरच्या आदिलशाहीच्या किश्वरखान या सरदाराने, इ.स. १५६७ मध्ये.

आम्ही मराठी शिकवतो, इतिहास नव्हे. परंतु एकदा पदवीच्या मुलांना घेऊन धारूरच्या किल्ल्यावर गेलो असता एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, हे आदिलशहा मूळचे कुठले? इथे कसे आले?’’ तेव्हा आमच्यापैकी कोणालाच धड उत्तर देता आले नाही. एकाने इराण म्हटले, दुसऱ्याने तुर्कस्तान. तिसऱ्याने, अध्यापकाला शोभेल अशा शिताफीने, विषय तटबंदीकडे वळवला. संतसाहित्याची पार्श्वभूमी शिकवताना ‘बहमनी राज्याची पाच शकले झाली’ हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या शकलांत माणसे होती याचा विचार कधी केला नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

पंधराव्या शतकातील इराणचा पश्चिम भाग आणि अझरबैजान या प्रदेशावर तुर्कमान टोळ्यांच्या दोन संघांचे वर्चस्व होते. एक ‘कारा कोयुन्लू’, म्हणजे काळ्या मेंढीवाले. दुसरा ‘आक कोयुन्लू’, म्हणजे पांढऱ्या मेंढीवाले. मेंढपाळीवर जगणाऱ्या, तंबूत राहणाऱ्या या टोळ्यांचे नायक बघता बघता तब्रीझच्या तख्तावर बसले. १४६७ मध्ये पांढऱ्या मेंढीवाल्यांच्या उझून हसनने काळ्या मेंढीवाल्यांच्या जहानशहाचा पाडाव केला, आणि १५०१ मध्ये सफवी घराण्याच्या इस्माईलने तब्रीझ घेऊन पांढऱ्यांनाही बाजूला सारले. अशा उलथापालथीत पडलेल्या घराण्यांतील तरण्या माणसांपुढे एक वाट खुली असे. होर्मुझला गलबत गाठायचे आणि कोकण किनाऱ्यावर उतरून बीदरच्या बहमनी दरबारात नशीब अजमावायचे. हमदानकडचा सुलतान कुली हा काळ्या मेंढीवाल्यांपैकी. त्याने पुढे गोवळकोंड्याची कुतुबशाही स्थापली. साव्याचा युसूफ त्याच बीदरमध्ये आला आणि विजापूरचा धनी झाला.

युसूफ कोण, याविषयी दोन कथा आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकाने दोन्ही नीट वाचाव्यात अशा आहेत.

पहिली कथा फिरिश्ताची. महंमद कासिम फिरिश्ता हा जन्माने अस्तराबादचा. लहानपणी अहमदनगरला आला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने, सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याने आपला मोठा इतिहासग्रंथ सिद्ध केला. तो सांगतो की युसूफ हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र. १४५१ मध्ये मुराद वारला, थोरला महंमद गादीवर आला आणि त्याने धाकट्या भावाला मारण्याची आज्ञा केली. आईने एका दिवसाची मुदत मागितली, साव्याच्या एका व्यापाऱ्याकडून सारख्या वयाचा गुलाम मुलगा विकत घेतला, त्याला मृत्यूच्या स्वाधीन केले आणि युसूफला त्या व्यापाऱ्याबरोबर साव्याला पाठवले. तेथे वाढलेला युसूफ पुढे समुद्रमार्गे दाभोळला उतरला, बीदरला आला आणि महमूद गावानच्या पदरी पडला.

ही कथा वाचताच आपल्याकडच्या कोणाही वाचकाला मथुरेचा तुरुंग आणि गोकुळ आठवेल. राजघरातील मूल, त्याच्या जिवावर उठलेला आप्त, रातोरात केलेली अदलाबदल, परक्या घरी गेलेले बालपण: सारा साचा ओळखीचा. दुसऱ्या महंमदाने गादीवर येताच आपल्या तान्ह्या सावत्र भावाला मारविले, हे खरे आहे. त्या खऱ्या खुनाच्या खुंटीवर ही कथा टांगली आहे. आधुनिक इतिहासकार मात्र युसूफचे उस्मानी कुळ मान्य करत नाहीत.

दुसरी कथा रफीउद्दीन शिराझीची. तोही त्याच सुमारास, त्याच विजापुरात बसून लिहीत होता. त्याच्या मते युसूफ हा साव्यातील एका आक कोयुन्लू अमीराच्या घराण्यातला. म्हणजे टोळीच्या नायकाचा वंशज खरा, पण सुलतानाचा मुलगा नव्हे. एकाच शहरात, एकाच राजाच्या काळात दोन लेखक मूळ पुरुषाची दोन कुळे लिहितात, यातच पुष्कळ काही आले. आमचे मत असे की, उस्मानी कुळाची गरज युसूफपेक्षा त्याच्या पणतूच्या पिढीनंतर अधिक भासली. उत्तरेतून मोगल येत होते. १६०० मध्ये त्यांनी अहमदनगर घेतले. मोगल स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवीत. अशा वेळी विजापूरच्या दरबारात ‘मेंढीवाल्या टोळीचा सरदार’ यापेक्षा ‘इस्तंबूलच्या सुलतानाचा पुत्र’ हे कुळ निश्चितच जड भरले असणार. अर्थात हे काही त्यांचेच वैशिष्ट्य नव्हे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक होण्याआधी भोसल्यांचे कुळ उदयपूरच्या सिसोदियांशी जोडून दाखवावे लागलेच. राज्य मनगटाने मिळते, पण ते शास्त्रापुढे मांडताना वंशावळ लागते, हा त्या काळाचा रिवाज.

जाता जाता एक शब्द. साव्याचा म्हणून युसूफला ‘सावई’ म्हणत. लोकांनी त्याचे ‘सवाई’ केले, म्हणजे इतरांपेक्षा सव्वापट, असे फिरिश्ताच नोंदवतो. गोव्यात पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘सबायो’ झाले. एका इराणी गावाचे नाव दख्खनी कानांनी आपल्या हिशेबाच्या भाषेत असे बसवून घेतले. लोकव्युत्पत्ती शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

युसूफच्या उत्कर्षाचा आलेख थोडक्यात सांगता येतो. गावानच्या छायेत तो वाढला. १४८१ मध्ये सुलतानाने गावानचा शिरच्छेद करविला आणि बीदर दखनी व आफाकी, म्हणजे इथले मुसलमान सरदार आणि समुद्रापलीकडून आलेले, अशा दोन तटांत फाटले. युसूफ विजापूरची तर्फ घेऊन दूर बसला. १४८९-९० हे आदिलशाहीच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. पण युसूफ स्वतः ‘आदिलखान’च राहिला, ‘शाह’ ही पदवी नातवाच्या काळात रूढ झाली. १५०२ मध्ये त्याने शिया पंथाचा खुतबा वाचविला. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि त्याच वर्षी तो मरण पावला. गोगी येथे त्याची कबर आहे.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो भाग. युसूफच्या मुलखात मुकुंदराव नावाचा एक मराठा सरदार आपल्या भावासह उठला होता. (आंबेजोगाईच्या आद्यकवी मुकुंदराजाशी याचा काहीही संबंध नाही, उत्तरपत्रिकांचा अनुभव लक्षात घेता हे लिहून ठेवलेले बरे.) युसूफने त्याचा पराभव केला. हाती लागलेल्या बायकांमध्ये मुकुंदरावाची बहीण होती. तिच्याशी युसूफने निकाह लावला आणि तिला ‘बुबूजी खानम’ असे नाव दिले. फिरिश्ता ही पदवी देतो. तिचे माहेरचे नाव देत नाही. युसूफचे साव्यातले कुळ शोधण्यासाठी दोन लेखकांनी पाने भरली. जी बाई इथलीच, मराठी बोलणारी, तिचे नाव लिहून ठेवावे असे मात्र एकालाही वाटले नाही.

आणि घराणे टिकवले ते तिनेच. युसूफ वारला तेव्हा तिचा मुलगा इस्माईल अल्पवयीन होता. कारभार पाहणारा कमालखान दखनी याने १५११ मध्ये गादीच बळकावण्याचा घाट घातला. ज्योतिष्यांनी काही दिवस अशुभ सांगितल्यामुळे तो वाड्यात बसून राहिला. बुबूजी खानमने युसूफ तुर्क नावाचा एक विश्वासू माणूस पाठवला; मक्केला जाण्याआधी निरोप घेण्यास आलो, असे त्याने भासवले. कमालखान विडा देण्यास पुढे झाला आणि त्याच क्षणी युसूफने खंजीर चालवला. तोही तेथेच मारला गेला. कमालखानाच्या आईने डगमगून न जाता मुलाचे प्रेत सजवून सज्जात बसवले, जेणेकरून फौजेला तो जिवंत वाटावा, आणि नातू सफदरखानाला राजवाड्यावर पाठवले. तिकडे वाड्याच्या गच्चीवर बुबूजी खानम आणि युसूफच्या नात्यातील, इराणहून आलेली दिलशाद आगा या दोघी चिलखत घालून उभ्या होत्या. तटाखाली दबून बसलेल्या सफदरखानावर वरून इस्माईलने धोंडा लोटला आणि प्रकरण संपले.

हा सारा प्रसंग फिरिश्ताने रंगवून लिहिला आहे, त्यात मीठमसाला असेलच. पण दोन आया, एक प्रेताला जिवंत भासवणारी आणि दुसरी चिलखतातली, हे चित्र मनातून जात नाही. दोघींचाही हिशेब एकच होता: मुलाची गादी. बुबूजी खानम त्या दिवशी हरली असती तर ‘आदिलशाही’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत आलाच नसता. भावाचे बंड ज्याने मोडले, त्याच्याच वंशासाठी ती लढली. याला निष्ठा म्हणावे की दुसरी वाटच नव्हती म्हणावे, यावर आमच्यात एकमत नाही. आमच्यातील एका सहकारी बाईंचे म्हणणे असे की, हा प्रश्नच पुरुषी आहे. तिचे म्हणून उरले होते ते तिचे मूल.

तिच्या मुली तीन शेजारी राजघराण्यांत पडल्या: अहमदनगरच्या निजामशाहीत, वऱ्हाडच्या इमादशाहीत आणि बीदरच्या बहमनींत. मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून कबूल झाला होता की नाही, यावरून पुढे दोन्ही राज्ये पिढ्यान्पिढ्या लढली. दुसरीकडे बुऱ्हाण इमादशहाकडे पाथरी मागत होता, कारण ते वाडवडिलांचे गाव. ती त्याने लढून घेतली. दख्खनच्या सुलतानांची ही भांडणे आंदणाची आणि वतनाची आहेत. आमच्या पंचक्रोशीतील कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाहीत.

मराठी आईच्या या मुलाला, इस्माईलला, मात्र इराणची ओढ होती. तुर्की-फारसी रीतिरिवाज, भाषा आणि संगीत त्याला प्रिय. १५१९ मध्ये सफवी शहाचा वकील आला तेव्हा त्याने सरदारांना बारा टोकांची तांबडी टोपी घालायला लावली. त्याचा मुलगा पहिला इब्राहिम (राज्यकाल १५३४ ते १५५८) नेमका उलट वागला. त्याने पुष्कळ आफाकी सरदारांना काढून टाकले, दखनी लोकांना नोकऱ्या दिल्या आणि सरकारी हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त, ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. ही हिंदवी म्हणजे मुख्यतः मराठी, असे आपल्याकडचे अभ्यासक मानतात, आणि विजापुरी महसुली कागदांतील मराठी पाहता ते पटते. आजीची भाषा नातवाच्या दफ्तरात आली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आम्ही आवरतो. कारण गावोगावचे कुलकर्णी ज्या भाषेत हिशेब ठेवत होते ती भाषा वर चढली, हे कारण अधिक साधे आणि अधिक बळकट आहे.

आणि धारूर? किश्वरखानाने किल्ला उभारला खरा, पण १५६९ मध्ये मुर्तजा निजामशहा चालून आला. किश्वरखानाने त्याला उद्दाम पत्र पाठवले. ते वाचून निजामशहाने किल्ला घेतल्याशिवाय घोड्यावरून उतरायचे नाही असा हट्ट धरला. तटावरून बाणांचा पाऊस चालू असताना तो अचानक थांबला. आत जाऊन पाहतात तो किश्वरखान बाण लागून मरून पडलेला. पाथरीच्या घराण्याने साव्याच्या घराण्याचा किल्ला घेतला आणि त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. तेलगावच्या चौकात आजही कंडक्टर धारूर म्हणूनच ओरडतो.