सूर आणि गुणपत्रिका : इंडी रॉकचे समीक्षक

लोकप्रिय संगीतातील बड्या कलावंतांना समीक्षकांच्या मताची फारशी फिकीर करावी लागत नाही. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि जाहिराती यांच्या बळावर त्यांचे अल्बम श्रोत्यांपर्यंत पोहोचतातच. इंडी आणि आल्टरनेटिव्ह रॉक या प्रवाहांतील बँडची स्थिती मात्र निराळी आहे. छोटी ध्वनिमुद्रण कंपनी, तुटपुंजे भांडवल आणि जाहिरातीचा जवळपास अभाव, अशा अवस्थेत नव्या अल्बमचे चांगले परीक्षण हेच त्यांच्या प्रसिद्धीचे मुख्य साधन ठरत आले. त्यामुळे या संगीतात समीक्षकाच्या शब्दाला, आणि पुढे त्याने दिलेल्या आकड्याला, असाधारण वजन आले. या वजनाने काही बँड तरले, काही बुडाले. आणि कित्येकदा काही वर्षांनी समीक्षकांनाच आपला निकाल फिरवावा लागला.

दोन संज्ञा, एक प्रवाह

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप. मँचेस्टरजवळच्या 'बझकॉक्स' या बँडने १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच प्रकाशित केली आणि बड्या कंपनीच्या दाराशी न जाताही संगीत विकता येते, हे इतरांना दाखवून दिले. ब्रिटनमध्ये १९८० पासून स्वतंत्र कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. अमेरिकेत याच दशकात महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांवर वाजणाऱ्या रॉकसाठी 'आल्टरनेटिव्ह' हा शब्द रूढ झाला.

समीक्षक आणि बाजारपेठ यांच्या आवडीतील अंतरही तेव्हाच दिसू लागले होते. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' विक्रीचे उच्चांक मोडत असताना 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातील सर्वोत्तम अल्बम म्हणून 'आर.ई.एम.' या तुलनेने अपरिचित बँडच्या 'मर्मर'ची निवड केली. याउलट 'निर्वाणा'च्या 'नेव्हरमाइंड'ला १९९१ मध्ये याच मासिकाने पाचपैकी तीनच तारे दिले. जानेवारी १९९२ मध्ये तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. म्हणजे समीक्षक कधी बाजाराच्या पुढे धावतात, तर कधी मागे राहतात.

शब्दांकडून आकड्यांकडे

अल्बमना शाळेसारखी श्रेणी देण्याची पद्धत लोकप्रिय केली ती रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात १९६९ पासून त्यांचे 'कन्झ्युमर गाइड' हे सदर सुरू झाले. मोजक्या ओळींचे टिपण आणि शेवटी 'ए', 'बी', 'सी' अशी श्रेणी, असे त्याचे स्वरूप होते. याच साप्ताहिकाच्या 'पॅझ अँड जॉप' या वार्षिक जनमत चाचणीत देशभरातील समीक्षक आपल्या पसंतीच्या दहा अल्बमांमध्ये शंभर गुण वाटून देत. लिझ फेअर यांचा 'एक्झाइल इन गायव्हिल' (१९९३) आणि 'विल्को' बँडचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' (२००२) हे स्वतंत्र वृत्तीचे अल्बम या चाचणीत अग्रस्थानी आले.

'विल्को'ची कथा समीक्षकांच्या ताकदीचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. 'रीप्राइज' या कंपनीने हा अल्बम २००१ मध्ये नाकारला. बँडने तो इंटरनेटवर विनामूल्य ऐकण्यास उपलब्ध करून दिला. पुढे २००२ मध्ये 'नॉनसच' या कंपनीने तो बाजारात आणला. गंमत अशी की, नाकारणारी आणि स्वीकारणारी अशा दोन्ही कंपन्या एकाच वॉर्नर समूहाच्या होत्या.

नव्या शतकात आकड्यांचे राज्य खऱ्या अर्थाने आणले ते 'पिचफोर्क' या नियतकालिकाने. रायन श्रायबर या तरुणाने मिनियापोलिस येथे १९९० च्या दशकाच्या मध्यास ते इंटरनेटवर सुरू केले. शून्य ते दहा या पट्टीवर दशांशासह गुण देण्याची त्याची पद्धत होती. ७.८ आणि ७.९ यांत नेमका फरक काय, हा प्रश्न टीकाकार विचारत राहिले. श्रोते मात्र आकडा आधी पाहू लागले. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'मेटाक्रिटिक'ने याच्याही पुढे जाऊन निरनिराळ्या समीक्षकांच्या मतांचे शंभरपैकी गुणांत रूपांतर केले व त्यांची भारित सरासरी मांडली. या सरासरीत मतभेद मात्र दिसेनासे होतात. रेडिओहेडचा 'किड ए' हा २००० सालचा अल्बम याचे उत्तम उदाहरण. 'पिचफोर्क'ने त्याला दहापैकी दहा गुण दिले, तर ब्रिटनच्या 'मेलडी मेकर'मध्ये त्याला पाचपैकी अवघे दीड तारे मिळाले. अशा अल्बमची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कोणाचेच मत सांगत नाही.

तीन बँड, तीन निकाल

२००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या 'आर्केड फायर' या बँडचा पदार्पणाचा अल्बम 'फ्युनरल' हा 'मर्ज' या छोट्या कंपनीने प्रकाशित केला. ध्वनिमुद्रणाच्या सुमारास बँडमधील काहींचे आप्त निवर्तले होते. त्यावरून हे नाव पडले. 'पिचफोर्क'ने ९.७ गुण दिले आणि अल्बमच्या प्रती अपुऱ्या पडू लागल्या. हाच बँड २०११ मध्ये 'द सबर्ब्ज'साठी वर्षातील सर्वोत्तम अल्बमच्या ग्रॅमीचा मानकरी ठरला.

त्याच २००४ साली ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या 'ट्रॅव्हिस्टन' या अल्बमला त्याच नियतकालिकाने ०.० गुण दिले. मॉरिसन यांच्या 'डिसमेम्बरमेंट प्लॅन' या आधीच्या बँडचे याच समीक्षकांनी भरभरून कौतुक केले होते. या शून्याने विक्रीला जबर फटका बसला, असे प्रकाशक कंपनीकडून पुढे सांगण्यात आले.

तिसरे उदाहरण 'क्लॅप युवर हँड्स से येआ' या बँडचे. २००५ मध्ये कोणत्याही कंपनीविना स्वतः काढलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमला ९.० गुण मिळाले आणि मागणी इतकी वाढली की, प्रती पाठवता पाठवता बँडची दमछाक झाली. दुसऱ्या अल्बमला मात्र तेवढे गुण लाभले नाहीत. एका रात्रीत आलेली कीर्ती टिकवणे ही वेगळीच परीक्षा असते.

फिरवलेले निकाल

परीक्षण हे त्या घडीचे मत असते, याचे ठळक उदाहरण म्हणजे 'वीझर'चा 'पिंकर्टन'. १९९६ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला वर्षातील तिसरा सर्वांत वाईट अल्बम ठरवले. २००२ मध्ये याच मासिकाच्या वाचकांनी त्याला सार्वकालिक उत्कृष्ट अल्बमांच्या यादीत सोळावे स्थान दिले आणि २००४ मध्ये मासिकाने नव्या परीक्षणात पाच तारे बहाल केले. अल्बम तोच होता. मधल्या काळात त्यावर वाढलेली श्रोत्यांची पिढी बोलू लागली होती.

लिझ फेअर यांच्या २००३ मधील, त्यांचेच नाव असलेल्या अल्बमला 'पिचफोर्क'ने ०.० गुण दिले होते. इंडीची ही नायिका लोकप्रिय पॉपकडे वळली, हा त्या परीक्षणातील रागाचा गाभा होता. परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकाने २०१९ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली. २०२१ मध्ये नियतकालिकाने एकोणीस जुन्या अल्बमना नव्याने गुण सुचवले, तेव्हा हे शून्य ६.० वर आले. तर 'इंटरपोल'च्या पहिल्या अल्बमचे ९.५ गुण ७.० वर उतरले. संगीतापेक्षा कलावंताच्या 'निष्ठे'चीच परीक्षा घेण्याची खोड इंडी समीक्षेला किती महागात पडली, हे यातून दिसते.

समीक्षकाची गरज

आज बहुतेक संगीत महिन्याच्या ठरावीक शुल्कात, एका स्पर्शासरशी ऐकता येते. अल्बम विकत घेण्यापूर्वी सल्ला विचारण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही. 'पिचफोर्क' २०१५ मध्ये 'काँदे नास्त' या प्रकाशन समूहाकडे गेले. जानेवारी २०२४ मध्ये ते 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकाच्या विभागात विलीन करून अनेक कर्मचाऱ्यांना नारळ देण्यात आला. समीक्षेचे युग संपल्याचे मृत्युलेखही तेव्हा लिहिले गेले.

मात्र त्याच वर्षी एक अपवादात्मक घटना घडली. कॅनडातील पॅट्रिक फ्लेगल या कलावंताने 'सिंडी ली' या नावाने 'डायमंड ज्युबिली' हा बत्तीस गाण्यांचा, दोन तासांचा अल्बम काढला. तो स्पॉटिफायवर नव्हता. यूट्यूबवर आणि एका साध्या संकेतस्थळावर तेवढा उपलब्ध होता. 'पिचफोर्क'ने त्याला ९.१ गुण दिले आणि मोजक्या चाहत्यांपुरता राहू शकला असता असा अल्बम त्या वर्षीचा चर्चेचा विषय ठरला.

यातून श्रोत्याने घ्यायचा बोध सोपा आहे. परीक्षणातील आकडा हा सर्वांत आकर्षक, पण सर्वांत लवकर शिळा होणारा भाग. समीक्षकाने अल्बममध्ये नेमके काय ऐकले, कोणत्या परंपरेशी त्याचे नाते जोडले आणि नापसंतीची कारणे संगीतात शोधली की संगीताबाहेर, हे पाहणे अधिक लाभदायक. कारणे स्पष्ट असतील, तर समीक्षकाशी असहमत होऊनही त्याच्या मदतीने नवा अल्बम सापडतो. कोठेही जाहिरात नसलेल्या, घरातल्या घरात मुद्रित झालेल्या संगीताला तर अशा कान देऊन ऐकणाऱ्या माणसाची आजही तितकीच गरज आहे.