उपाशी ठेवले होते

मार्च १९२२ च्या ‘कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नल’मध्ये एका मधुमेही मुलाची हकीकत छापून आली. नावाच्या जागी दोन आद्याक्षरे, एल. टी.; वय १४. हा लिओनार्ड थॉम्पसन, इन्सुलिन टोचलेला पहिला रुग्ण म्हणून पुढे जगाला माहीत झालेला. टोरांटो जनरल हॉस्पिटलात येण्यापूर्वी त्याचे काय झाले, हे लेखात एका वाक्यात आटोपले आहे: दाखल होण्याआधी त्याला उपाशी ठेवले होते, फरक पडला नाही.

आज वाचणाऱ्याला वाटेल, कोणी तरी मुलाचे हाल केले. तसे नाही. फ्रेडरिक ॲलन या अमेरिकन डॉक्टरने रूढ केलेला तो त्या काळचा मान्य उपचार होता. लघवीतली साखर थांबेपर्यंत उपवास, मग तोलूनमापून घास. कॅनडातल्या डॉक्टरांना ‘उपाशी’ एवढा शब्द पुरे होता. आपल्याला पुरत नाही. किती दिवस, किती कॅलरी, कोणाच्या सल्ल्याने, यातले काहीच त्या वाक्यात नाही.

इंजेक्शन सुरू होताच मात्र हीच लेखणी बारकाईने चालू लागते. ११ जानेवारी १९२२: स्वादुपिंडाचा १५ घनसेंटिमीटर अर्क, रक्तातली साखर ४४० वरून ३२०, चोवीस तासांत लघवीवाटे गेलेली साखर ९१.५ ग्रॅमवरून ८४. यश म्हणावे असे नव्हतेच, म्हणून थांबले. २३ जानेवारीपासून संशोधक गटातल्या जेम्स कॉलिपने शुद्ध केलेला अर्क: ५२० वरून १२०, आणि ७१.१ ग्रॅमवरून ८.७. मूल तरतरीत दिसू लागले, हेही लिहिले आहे. इस्पितळाच्या नोंदीत त्या पहिल्या अर्काला प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांचे सीरम म्हटले आहे, म्हणजे हे संशोधन सुरू करणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचे नाव केसपेपरवर चढलेच नव्हते. श्रेयावरून पुढे झालेल्या भांडणाची ठिणगी इथे शोधायचा मोह होतो, पण वॉर्डातल्या माणसाने ऐकले तसे लिहिले असावे.

आता दुसरे कागद. एलिझाबेथ ह्यूज, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी, १९१९ पासून मधुमेही आणि खुद्द ॲलनची रुग्ण. जुलै १९२२ मध्ये तिच्या आईने, अँटोनेटने, बँटिंगला पत्र लिहून मुलीची अवस्था कळवली. बँटिंगने तेव्हा नकार दिला. औषधच पुरत नव्हते. ऑगस्टच्या मध्यावर, पंधरावा वाढदिवस अगदी तोंडावर असताना, ती टोरांटोत आली. बँटिंगची त्या वेळची टिपणी उरली आहे: वजन ४५ पौंड, उंची ५ फूट, घोट्यांना किंचित सूज, कातडी कोरडी, केस विरळ, स्नायू झडलेले, अशक्तपणामुळे चालणेही कठीण. वीस किलोची चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. पुढचे एलिझाबेथनेच आईला लिहिलेल्या पत्रांत सापडते. काही आठवड्यांत तिचे खाणे दोन हजार कॅलरींच्या वर गेले होते.

लिओनार्डच्या उपासमारीबद्दल एक वाक्य आणि एलिझाबेथबद्दल इतका तपशील, हा फरक डॉक्टरांच्या काळजीचा म्हणता येणार नाही. छापील लेख औषधाचा परिणाम सिद्ध करायला लिहिला होता, टिपणी समोरच्या मुलीसाठी. शिवाय एलिझाबेथच्या घरी लिहिणारी माणसे होती: आई, ती स्वतः, आणि सोबतची नर्स. धर्मादाय वॉर्डातल्या लिओनार्डच्या घरून काय सांगितले गेले, ते डॉक्टरांनी त्या एका वाक्यात मिटवले. माझ्या मते रुग्णाचा पूर्वेतिहास तपासताना आधी हेच विचारावे, की सांगणारा कोण होता आणि त्याचे ऐकायला किती वेळ दिला गेला.

कागदांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली आणि आपला मधुमेह तिने आयुष्यभर लपवला. वडिलांच्या कागदपत्रांतूनही आजाराचे उल्लेख तिने काढून टाकले. आईला लिहिलेली पत्रे मात्र टिकली, ती आज टोरांटो विद्यापीठाच्या फिशर ग्रंथालयात आहेत. लिओनार्ड १९३५ मध्ये न्यूमोनियाने गेला. शवविच्छेदनात काढलेले त्याचे स्वादुपिंड टोरांटोतल्या बँटिंग इन्स्टिट्यूटच्या संग्रहात बरणीत ठेवले गेले.