सीतात्याग (काव्यविषय)

सीतात्याग हा रामकथेतील प्रसंग भारतीय काव्यपरंपरेत वारंवार हाताळला गेलेला विषय आहे. लोकापवादामुळे रामाने गर्भवती सीतेचा त्याग केला आणि लक्ष्मणाने तिला अरण्यात नेऊन सोडले, असे हे कथानक आहे. दुभंगलेला संसार आणि मानवी वस्तीपलीकडचे रान या दोन गोष्टी येथे समोरासमोर येतात. संसाराने नाकारलेल्या स्त्रीचे दुःख अरण्य जाणते, ही कल्पना या विषयावरील अनेक रचनांत आढळते.

== वाल्मीकिरामायण ==
हा प्रसंग वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात येतो. हे कांड मूळ काव्यात नंतर जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ऋषींचे आश्रम पाहण्याची इच्छा सीतेने व्यक्त केलेली असते. त्याच निमित्ताने लक्ष्मण तिला गंगेपलीकडे नेतो. वाल्मीकींच्या आश्रमात ती कुश-लवांना जन्म देते. पुढे यज्ञप्रसंगी पुन्हा शुद्धीची शपथ घेण्याची वेळ येते, तेव्हा ती धरणीमातेला आवाहन करून भूमीत प्रवेश करते. नांगरटीच्या वेळी जमिनीतून प्रकटलेल्या कन्येचा शेवटही जमिनीतच होतो.

== रघुवंश ==
कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौदाव्या सर्गात हा प्रसंग वर्णिला आहे. लक्ष्मणाबरोबर निरोप धाडताना सीता रामाचा उल्लेख पती म्हणून न करता राजा म्हणून करते. लक्ष्मण दिसेनासा झाल्यावर ती मोठ्याने रडू लागते. त्या आक्रोशाने मोर नाचायचे थांबतात, वृक्षांवरून फुले गळतात आणि हरिणींच्या तोंडातील दर्भ खाली पडतो. तिचा आवाज ऐकूनच वाल्मीकी तेथे येतात. आश्रमातील रोपांना पाणी घालताना मूल होण्याआधीच वात्सल्याचा अनुभव मिळेल, असे सांगून ते तिला धीर देतात. सीतेचा भूमिप्रवेश पंधराव्या सर्गात येतो.

== उत्तररामचरित ==
विदर्भातील पद्मपूरशी नाते सांगणारा नाटककार भवभूती याचे ‘उत्तररामचरित’ हे सात अंकी नाटक करुणरसासाठी प्रसिद्ध आहे. तिसऱ्या अंकात, त्यागानंतर बारा वर्षांनी, राम जनस्थान-पंचवटीच्या परिसरात परततो. सीता जवळच असते, परंतु भागीरथीच्या कृपेने ती कोणालाही दिसत नाही. तिने वाढवलेला हत्ती, मोर आणि कदंबवृक्ष पाहून राम व्याकूळ होतो. सीतेची सखी व वनदेवता वासंती त्याला या निष्ठुरपणाचा जाब विचारते. तो लोकमताकडे बोट दाखवतो. राजसभेत कोणी न विचारलेला प्रश्न येथे अरण्य विचारते. भवभूतीने नाटकाचा शेवट मात्र पुनर्मीलनात केला आहे.

== मराठी परंपरा ==
महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सीतेचा वनवास हा मोठा विषय आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांतही तो आढळतो. रानात रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला बोरी आणि बाभळी बायका होऊन येतात, अशी या ओव्यांतील एक परिचित कल्पना आहे. संस्कृत काव्यातील कदंबाच्या जागी येथे माळरानावरची काटेरी झाडे येतात. सासुरवास, एकटीने सोसलेले बाळंतपण आणि माहेरची ओढ या गोष्टी सीतेच्या नावाने बोलता येत असल्यामुळे, दळणाऱ्या बाईला स्वतःचे गाऱ्हाणे उघड न मांडताही सांगता येत असे.

यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. सीतेचे वास्तव्य येथे होते, अशी स्थानिक श्रद्धा आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नाशीही या स्थळाचे नाव जोडले गेले आहे.

== आशय ==
या रचनांमध्ये अरण्याची भूमिका सारखी नाही. वाल्मीकींच्या कथेत भूमी सीतेला परत घेते, कालिदासाचे वन तिच्यासोबत शोक करते, भवभूतीची वनदेवता पतीला प्रश्न विचारते, तर ओव्यांतील झाडे शेजारणींसारखी जवळ बसतात. पहिल्या वनवासात सीता पतीसोबत होती. दुसऱ्या वनवासात ती एकटी आहे. त्यामुळे त्याच अरण्याला या कवितेत माहेराचा अर्थ प्राप्त होतो. दुःख ऐकून घेतले तरी झालेला अन्याय ते पुसू शकत नाही, ही मर्यादाही या काव्यात जाणवते.