सानपाड्याची जमीन आणि महिलांचे खाते

ठाणे तालुक्याच्या दक्षिण भागात, खाडीच्या काठाने बांधबंदिस्ती करून पिकविलेल्या खारजमिनींच्या पट्ट्यात वसलेले सानपाडा हे आगरी-कोळ्यांचे गाव १९७० साली, तेथील ग्रामस्थांस फारसे न विचारता, एका नव्या नगराच्या नकाशात दाखल झाले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत भूसंपादनाची अधिसूचना निघाली, १७ मार्च रोजी हे नगर वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी टप्प्याटप्प्याने शासनाच्या ताब्यात जाऊ लागल्या. आज तेथे हार्बर मार्गाचे स्थानक आहे, लोकलगाड्यांची कारशेड आहे, पाम बीच रस्त्यालगत उंच इमारती आहेत. मूळ गावठाण मात्र या सर्वांच्या मधोमध दाटीवाटीने आपली जागा धरून आहे.

या स्थित्यंतराचा इतिहास सांगितला जातो तो बहुधा मोबदल्याच्या दराचा आणि आंदोलनाचा. जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण बळी पडले, ही त्यातील सर्वांत दुःखद घटना. परंतु त्याच इतिहासाला आणखी एक बाजू आहे, आणि ती तलाठ्याच्या दप्तरात सापडते. खाडीकाठच्या भातशेतीत आवणी-कापणी करणारे, मिठागरांवर राबणारे आणि पाटी डोक्यावर घेऊन म्हावरे विकणारे हात मोठ्या प्रमाणावर स्त्रियांचे होते. तथापि मोबदला मिळतो तो श्रमाला नव्हे, सातबाऱ्यावरील नावाला, आणि खातेदार म्हणून तेथे नाव असे ते सामान्यतः पुरुषाचे. विधवेचे वा मुलीचे नाव लागले तरी ते वारसाच्या फेरफारात, भावांच्या नावांनंतर, आणि पुष्कळदा केवळ हक्कसोडपत्रावर अंगठा उठविण्यापुरते.

स्त्रियांच्या हक्कांचा विचार राज्यकारभारात स्वतंत्रपणे होऊ लागला तो हा व्यवहार सुरू झाल्यानंतर. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या केंद्रीय समितीचा अहवाल १९७४ साली आला. संयुक्त राष्ट्रांनी महिला वर्ष म्हणून घोषित केलेल्या १९७५ मध्ये, २४ फेब्रुवारीस, महाराष्ट्राने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. केंद्रात महिला व बाल विकास विभाग १९८५ साली, मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या पोटात, निर्माण झाला आणि त्यास स्वतंत्र मंत्रालयाचा दर्जा मिळावयास २००६ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राने राज्य महिला आयोग आणि स्वतंत्र महिला व बाल विकास विभाग ही दोन्ही १९९३ सालीच उभी केली, आणि पुढल्याच वर्षी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर केले. स्त्रियांविषयीचे असे लेखी धोरण देशात प्रथम करण्याचा मान या राज्याकडे जातो, आणि तो न्याय्य आहे.

त्या धोरणाच्या वर्षातच हिंदू उत्तराधिकार कायद्यास महाराष्ट्राने दुरुस्ती केली. १९५६ च्या मूळ कायद्याने पित्याच्या स्वतःच्या हिश्शात मुलीला वारसा दिला होता, परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः सहदायाद होण्याचा अधिकार मुलग्यांपुरताच ठेवला होता. २२ जून १९९४ पासून तो महाराष्ट्रातील मुलींनाही मिळाला. मात्र या दुरुस्तीतच एक कलम असे होते की, त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले त्या मुलीस तिचा लाभ नाही. सानपाड्यासारख्या गावातील ज्या मुली जमीन जात असताना बांधावर वाढल्या, त्यांतील बहुतेकींची लग्ने १९९४ पर्यंत उरकून गेली असणार, हे सांगण्यास कोणत्याही शिरगणतीची गरज नाही.

आणि नेमक्या त्याच काळात गेलेल्या जमिनीचा काही अंश परत येऊ लागला होता. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना देण्याचा निर्णय १९९० साली झाला आणि १९९४ च्या ऑक्टोबरात तो सुधारून विस्तारला. सामाजिक सुविधांसाठी त्यातील तीस टक्के वजा जाऊन हाती पावणेनऊ टक्के उरत. पण नव्या मुंबईत तेवढ्या भूखंडालाही शेताच्या शतपट मोल होते. भूखंड मूळ खातेदाराला वा त्याच्या वारसांना मिळावयाचा, म्हणून वारसदाखले, संमतिपत्रे आणि हक्कसोडपत्रे यांना एकाएकी सोन्याचा भाव आला. माहेर तुटू नये म्हणून सही करणारी बहीण ही आपल्याकडे गुणवती ठरते. सही न करणारी कज्जेदलाल.

या कज्ज्यात महिला व बाल विकास विभागाला बोलण्यास जागा नव्हती, आणि माझ्या मते हेच त्या विभागाचे मूळ दौर्बल्य होय. जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, भूखंडाची योजना नगरविकासाकडे, कायद्याचा मसुदा विधी व न्यायाकडे, तक्रार पोलिसांकडे. या विभागाच्या वाट्यास अंगणवाड्या, वसतिगृहे, निरीक्षणगृहे आणि अलीकडे, जुलै २०२४ पासून, दरमहा दीड हजार रुपयांचे अर्थसाहाय्य. ही कामे क्षुल्लक नव्हेत, पण हक्क आणि साहाय्य यांत अंतर आहे. उलट, मंत्रालयाबाहेरच्या माणसांनी जमिनीलाच हात घातल्याचे उदाहरण याच राज्यात आहे: शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे महिलांचे अधिवेशन भरविले, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ कार्यक्रमात पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने पत्नीच्या नावे केला. खाडीकाठी तो कार्यक्रम पोहोचता तरी नावावर करावयास शेत उरले नव्हते.

संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीचा सहदायादत्वाचा हक्क सर्व देशास लागू करताना लग्नाची ती अट ठेवली नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच असून पिता २००५ साली हयात असण्यावर तो अवलंबून नाही, असा निर्वाळा दिला. परंतु २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी वा विक्री या कायद्याने मोडत नाही. त्यामुळे त्या तारखेआधी रीतसर विकल्या गेलेल्या भूखंडांवर गावच्या लेकींना या दुरुस्तीच्या आधारे दावा सांगता येत नाही.