मद्यपी वाहनचालकांविरुद्धची नाकाबंदी (मुंबई)

दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांना रस्त्यातच श्वासचाचणी घेऊन पकडण्याची मुंबई वाहतूक पोलिसांची मोहीम. सुरुवात : जून २००७. तत्कालीन वाहतूक पोलीस उपायुक्त हरीश बैजल यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली.

पार्श्वभूमी : १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली, सात जण दगावले. या खटल्यात चालकाला झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. २,००० रुपयांपर्यंतचा हा दंड २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० झाला. गुन्हा तडजोडीचा नसल्याने जागेवर पैसे भरून सुटका होत नाही, न्यायालयात उभे राहावेच लागते. मोहिमेचा वचक मुख्यतः या तरतुदीतून आला. कलम २०२ नुसार विनावॉरंट अटक करता येते. मात्र अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास आरोपीला सोडावे लागते. त्यामुळे नाक्यापासून रुग्णालयापर्यंतचा वेळ हा अधिकाऱ्याच्या नियोजनातला सर्वांत नाजूक भाग होय. कलम २०३ श्वासचाचणीसाठी ‘वाजवी संशया’ची अट घालते. सरसकट प्रत्येकाला फुंकायला लावणे या अटीत बसते का, याविषयी मतभेद संभवतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून संशयाविना कोणालाही थांबवून चाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना स्पष्टपणे दिला. भारतातही तशी निःसंदिग्ध तरतूद व्हायला हवी.

कार्यपद्धती : बॅरिकेड लावून रस्ता अरुंद केला जातो. शिपाई खिडकीशी जाऊन चालकाशी दोन शब्द बोलतो. दारूचा वास आला, तर यंत्राला नवी नळी जोडून फुंकायला सांगतो आणि पडद्यावरचा आकडा चालकालाही दाखवतो. आकड्याची छापील पावती पुढे पुराव्याच्या कागदांत जाते. सोबत शुद्धीतला, परवानाधारक माणूस नसेल, तर गाडी पोलीस ताब्यात घेतात. करोनाकाळात, २०२० मध्ये, फुंकून घ्यायची चाचणी थांबवावी लागली.

मूल्यमापन : हेल्मेटसक्ती, वेगावरील नियंत्रण, रस्त्यांची सुधारणा यांच्यापासून या मोहिमेचा परिणाम वेगळा काढणे अवघड आहे. तरीही एका सणापुरती कारवाई न ठेवता तिला रोजच्या कामाचा भाग करणे, हे या मोहिमेमागच्या नेतृत्वाचे मोठेच काम मानले पाहिजे. आज नाका कुठे आहे, हे चालकाला आधी कळता कामा नये. जागा ठरून गेली की आडवाटेने निसटणे सोपे होते.

इतर शहरे : पुणे, ठाणे व नागपूर येथेही वाहतूक पोलीस अशी नाकाबंदी करतात.