आगकाड्यांना नाचविणारा कलावंत

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांची ओळख बहुधा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापुरतीच राहते. प्रत्यक्षात रेखाटन, छायाचित्रण, मुद्रण, जादू आणि नवनवीन यंत्रे असे अनेक छंद त्यांनी जोपासले होते. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत.

सिनेमाच्या ध्यासाची किंमत मोठी होती. अहोरात्र चाललेल्या खटाटोपात त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. तरीही विमापत्र गहाण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. परतल्यावर भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीतील रोपाचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) मध्ये तर निर्जीव काड्यांनाच त्यांनी चालते-फिरते केले.

वस्तू किंचित सरकवायची आणि एक चित्र टिपायचे, हेच त्यामागील तंत्र. मोबाइलवर अशी चित्रफीत करून इंटरनेटवर टाकणारी आजची मुले नकळत फाळके यांचीच वाट चालत असतात.